जुन्या हार्ड डिस्कवरची विंडोज जशीच्या तशी एसएसडीवर न्यायची आहे

खटपट्या (शनिवार, रात्री ९:४२)

मंडळी, मदत हवी आहे. लॅपटॉप २०१६चा. आत १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आहे, ५४०० आरपीएमवाली. विंडोज १०. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत चार मिनिटं जातात, हे मी घड्याळ लावून मोजलं आहे. त्यात आता मधूनमधून आतून बारीक टक्... टक् असा आवाज येतो आणि तेवढा वेळ सगळं गोठतं. गंमत म्हणजे मराठीत लिहिलेली फाइल उघडली की हा आवाज हमखास येतो. योगायोग असावा.

५०० जीबीची अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवाली डिस्क, आणून ठेवली आहे. यूएसबी खोक्यात घालून जोडली तर ती ४६५ जीबीच दाखवते. ३५ जीबी कुठे गेले?

सी ड्राइव्ह २०० जीबीचा आहे, त्यात १४० भरलेले. डीमध्ये साधारण ३९० आहेत. विंडोज नव्याने टाकायची नाही, कारण आत एक जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, त्याची सीडी हरवली आणि ते बनवणाऱ्याने दुकान कधीच गुंडाळलं. परवाना त्या इन्स्टॉलेशनमध्येच अडकलेला आहे. म्हणून जसं आहे तसं उचलून पलीकडे ठेवायचं आहे. असा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, मारायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?

शून्यएक (शनिवार, रात्री १०:०५)

३५ जीबी कुठेही गेलेले नाहीत. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजते आणि वर नाव मात्र जीबीच लावते. तुमच्या १ टीबीच्या डिस्कलाही ती ९३१च दाखवत असेल, बघा.

क्लोनचं नंतर बोलू. आधी तो आवाज. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवा आणि ०५, सी५, सी६, सी७ या चार ओळींतला शेवटचा आकडा इथे लिहा. तोवर डीफ्रॅग, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन), 'क्लीनर' यांतलं काहीही चालवू नका.

खटपट्या (शनिवार, रात्री १०:३१)

वर पिवळ्या रंगात 'कॉशन' आलं आहे. ०५ मध्ये शून्य, सी५ मध्ये १८, सी६ मध्ये १८, सी७ मध्ये शून्य. अठराच आहेत म्हणजे फार नाही ना?

शून्यएक (शनिवार, रात्री ११:१०)

ते अठरा नाहीत, चोवीस आहेत. हे सॉफ्टवेअर मूळ आकडा षोडशमान पद्धतीत (दहाऐवजी सोळाच्या पटीत, म्हणजे १८ हे १६ अधिक ८) दाखवतं, सेटिंग बदललं नसेल तर. बरेच जण इथे फसतात.

सी५ म्हणजे डिस्कला जे सेक्टर (डेटा ठेवायचे छोटे कप्पे) वाचता येत नाहीयेत पण तिने अजून बादही केलेले नाहीत, ते. ०५ म्हणजे बाद करून ज्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले ते. सी७ वाढलेला असता तर मी म्हटलं असतं केबल तपासा, पण तो शून्य आहे, म्हणजे दुखणं डिस्कचंच. २४ म्हणजे ३ गुणिले ८. आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ बाइटचे आठ तुकडे म्हणून दाखवला जातो. तेव्हा प्रत्यक्षात तीन जागा खराब आहेत, एकूण १२ केबी.

आकडा छोटा आहे, पण यामुळे प्रश्नच बदलला. आता 'क्लोन कशाने मारू' हा दुय्यम मुद्दा. पहिला मुद्दा हा की डिस्क आहे तोवर तिच्यातलं काय काय बाहेर येतं. दुसरी एखादी मोठी एक्स्टर्नल डिस्क घ्या आणि आज रात्रीच कॉपी सुरू करा. आधी हिशेबाच्या डेटा फाइल, मग फोटो, कागदपत्रं. सिनेमे सगळ्यात शेवटी.

फाइल एक्सप्लोररने ओढून टाकू नका, एका फाइलवर अडकला की तिथेच विचारत बसतो. विंडोजमध्येच रोबोकॉपी आहे, ती कमांड वापरा. पण तिला 'आर'ला १ आणि 'डब्ल्यू'ला १ द्यायला विसरू नका. तसं न सांगितल्यास ती वाचता न येणाऱ्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, प्रत्येक प्रयत्नानंतर ३० सेकंद थांबून. मरायला टेकलेल्या डिस्कला असं घोळसणं म्हणजे तिचा शेवट जवळ आणणं.

निळी_शाई (शनिवार, रात्री ११:२८)

चेकडिस्कबद्दल +१. मी दोन वर्षांपूर्वी आवाज करणाऱ्या डिस्कवर 'आर' लावून चेकडिस्क सोडलं आणि झोपले. सकाळी ती डिस्क बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उठणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्येही) दिसत नव्हती. दुरुस्ती करायला निघालेलं सॉफ्टवेअर आधी पूर्ण डिस्क वाचतं, आणि तेवढं वाचणंच तिला झेपलं नाही.

कोरीपाटी (रविवार, सकाळी ८:१५)

माझं मत वेगळं आहे. नऊ-दहा वर्षांची विंडोज जशीच्या तशी नेणं म्हणजे घर बदलताना अडगळही ट्रकमध्ये भरणं. जुने ड्रायव्हर, अर्धवट काढलेली सॉफ्टवेअरं, सगळं सोबत येणार. नवी एसएसडी, नवं इन्स्टॉल, दोन तासांचं काम. शिवाय १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आता जे करायचं ते ११वरच करावं.

खटपट्या (रविवार, सकाळी ८:५०)

कोरीपाटी, एरवी मी तुमच्याच बाजूचा आहे. पण या लॅपटॉपचा प्रोसेसर ११च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि ते हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर कुठून टाकू? अडगळ तर अडगळ, त्यातच माझी तिजोरी आहे.

कॉपी रात्रभर चालली. डीमधलं सगळं आलं, एकही फाइल सुटली नाही. सीवरची हिशेबाची फोल्डरंही आली. आता?

शून्यएक (रविवार, सकाळी ९:४०)

उत्तम. आता डिस्क गेली तरी तुमचा वैताग वाढेल, नुकसान नाही होणार.

डीमध्ये एकही अडथळा नाही म्हणजे खराब जागा बहुधा सीमध्येच आहेत. आधी दोन गोष्टी बघून घ्या. सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का? असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका, आणि ती त्याच डिस्कवर सेव्ह करू नका, हे करणारे लोक मी पाहिले आहेत. दुसरं, पॉवर ऑप्शनमधून फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की 'शट डाउन' केल्यावर विंडोज खरी बंद होत नाही, अर्धी झोपते, आणि बाहेरून कॉपी घेताना फाइल सिस्टिम अर्धवट अवस्थेत हाती लागते.

मग डीला हात न लावता फक्त सी आणि सुरुवातीचं छोटं ईएफआय पार्टिशन (विंडोज उठवणाऱ्या फाइलींचा विभाग) एवढंच निवडून क्लोन करून बघा. पार्टिशन निवडू देणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. क्लोनझिलाचा मात्र पूर्ण डिस्कचा पर्याय तुम्हाला चालणार नाही, नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते.

तिसरीओळ (रविवार, सकाळी १०:०२)

धागा पळवतोय, माफ करा. माझा डेस्कटॉप जुना आहे, डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची. ४ टीबीच्या नव्या डिस्कवर क्लोन मारला तर अर्धी डिस्क वापरताच येत नाही. का?

निळी_शाई (रविवार, सकाळी १०:२०)

एमबीआरमध्ये सेक्टरचा पत्ता ३२ बिटांत लिहितात, ५१२ बाइटचा सेक्टर धरला की २.२ टीबीच्या पुढचा पत्ताच लिहिता येत नाही. क्लोनने ती पद्धतही सोबत नेली. विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आत येते, तिने डेटा न पुसता जीपीटी, म्हणजे नवी विभागणी पद्धत, करता येते. प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असली तर ती नकार देते. आणि झाल्यावर बायोसमध्ये जाऊन लेगसी या जुन्या बूट पद्धतीचं यूईएफआय ही नवी पद्धत करावं लागतं, नाहीतर मशीन उठणार नाही. तुमच्या बोर्डाला यूईएफआय आहे का ते आधी बघा. बाकी नवा धागा काढा.

खटपट्या (रविवार, दुपारी १:१५)

बिटलॉकर बंदच होतं. फास्ट स्टार्टअप बंद केलं. क्लोन ७१ टक्क्यांवर गेला, टक् टक् सुरू, पाच मिनिटं तिथेच, आणि 'रीड एरर' म्हणून सगळं रद्द. दोनदा केलं. दोन्ही वेळा ७१.

शून्यएक (रविवार, दुपारी २:३०)

तिसऱ्यांदा करू नका. आता लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू.

हा साध्या क्लोनपेक्षा शहाणा आहे. वाचता येतं ते आधी भराभर उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो, आणि सगळं चांगलं हाती आल्यावर मागे वळून त्या जागांशी झटापट करतो. कुठे काय उरलं याची नोंद तो मॅपफाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुन्हा तिथूनच सुरू. फक्त ती मॅपफाइल लाइव्ह लिनक्सच्या (इन्स्टॉल न करता यूएसबीवरून चालणाऱ्या लिनक्सच्या) डेस्कटॉपवर ठेवू नका, तो डेस्कटॉप रॅममध्ये असतो आणि बंद केला की पुसतो. एक्स्टर्नल डिस्कवर ठेवा.

क्रम असा ठेवा. एसएसडीवर जीपीटी करा, २०० एमबीचं ईएफआय पार्टिशन फॅट३२मध्ये, १६ एमबीचं मायक्रोसॉफ्ट रिझर्व्हड, आणि उरलेल्या जागेत एकच मोठं पार्टिशन. हे मोठं पार्टिशन जुन्या सीपेक्षा लहान असता कामा नये, मोठं चालतं. मग लाइव्ह लिनक्समधून जुन्या सीचं पार्टिशन थेट या मोठ्या पार्टिशनवर डीडीरेस्क्यूने उतरवा. नंतर विंडोजच्या इन्स्टॉलर यूएसबीवरून उठून कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीबूट चालवा, तो ईएफआयमध्ये बूटच्या फाइल नव्याने लिहितो. शेवटी डिस्कपार्टमध्ये 'एक्सटेंड फाइलसिस्टिम', म्हणजे सी पूर्ण जागा व्यापेल.

एक गोष्ट ठळक अक्षरांत समजा: प्रत्येक जीपीटी पार्टिशनला स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो, जीयूआयडी. विंडोज 'सी कोणता' हे या क्रमांकावरून लक्षात ठेवते. नव्या पार्टिशनला जुन्याचाच क्रमांक द्या, एसजीडिस्क कमांडने देता येतो. आणि तो बीसीडीबूटच्या आधी द्या.

सोर्स आणि टार्गेट अदलाबदल झाली तर रिकामी एसएसडी तुमच्या विंडोजवर उतरेल. लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीए-एसडीबी या नावांवर विसंबू नका, सिरियल नंबर स्टिकरशी जुळवून मगच एंटर दाबा.

फिरतीचाक (रविवार, दुपारी ३:०५)

शेवटच्या परिच्छेदाला दंडवत. मी अदलाबदल केली आहे. एंटर दाबल्यावर साधारण तीन सेकंदांनी कळलं. तीन सेकंद पुरे होतात.

खटपट्या (रविवार, रात्री ८:५५)

सविस्तर वृत्तांत.

पहिली फेरी पाऊण तासात. आकडा वर चढताना बघत बसलो होतो. ७१च्या आसपास टक् टक् झालं, पण या वेळी थांबला नाही, 'बॅड एरियाज' मध्ये आकडा वाढवून पुढे गेला. शेवटी फक्त १२ केबी बाकी! तुम्ही काल म्हणालात तेवढंच. मग पुन्हा प्रयत्नांची फेरी लावली. चाळीस मिनिटं डिस्क कण्हत होती. तीनपैकी दोन जागा सुटल्या. शेवटचे ४०९६ बाइट काही केल्या आले नाहीत, तिथे शून्यं भरली गेली.

लॅपटॉप उघडून एसएसडी आत बसवली. जुनी डिस्क बाहेर. इन्स्टॉलर यूएसबी, बीसीडीबूट, 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड'. रीस्टार्ट. विंडोजचा लोगो आला, आणि पासवर्डचा पडदा वीस सेकंदांत! मी खुर्चीतून उठलो.

पासवर्ड टाकला. काळा पडदा. माउसचा बाण तेवढा हलतोय. बाकी काही नाही.

बारकाईने (रविवार, रात्री ९:१०)

जीयूआयडी दिलात का?

खटपट्या (रविवार, रात्री ९:१२)

...

शून्यएक (रविवार, रात्री ९:३०)

ठळक अक्षरांत लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे मला आता माहीत झालं आहे. :)

काही बिघडलेलं नाही. विंडोज उठली, पण आपण ज्या पार्टिशनवर आहोत ते 'सी' आहे हे तिला पटत नाहीये. तिच्या वहीत सी म्हणजे जुन्या डिस्कवरचा तो क्रमांक. लॉगिननंतरची सगळी कामं सीच्या पत्त्यावर शोधतेय आणि तिथे कुणी राहत नाही. लाइव्ह लिनक्समध्ये परत जा, जुनी डिस्क खोक्यात घालून जोडा, एसजीडिस्कने तिच्या सीचा क्रमांक बघा, नव्याला द्या. मग जुनी डिस्क काढा आणि बीसीडीबूट पुन्हा चालवा, कारण बूटच्या नोंदीतही आधीचा क्रमांक लिहिला गेला आहे.

आणि विंडोज पहिल्यांदा उठताना जुनी डिस्क यूएसबीलाही लटकत ठेवू नका. आता दोघींचा क्रमांक एकच होणार. तिने अर्धं जुन्यावरून, अर्धं नव्यावरून उचललं तर तो गुंता सोडवायला मी येणार नाही.

तिसरीओळ (रविवार, रात्री ९:४१)

नवा धागा काढणारच आहे, पण एकच: एनव्हीएमईवर (साटापेक्षा वेगवान एसएसडीवर) न्यायचं असेल तर हेच सगळं?

निळी_शाई (रविवार, रात्री ९:५८)

बहुतेक. आधी बघा की तुमच्या एम.२ खाचेला एनव्हीएमई चालते का, काही खाचा फक्त साटाच्या असतात, कांडी दिसायला सारखीच. आणि साटावर वाढलेली विंडोज एनव्हीएमईवर कधीकधी 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळी पडते, कारण तो ड्रायव्हर सुरुवातीलाच उचलायचा हे तिला ठाऊक नसतं. क्लोनच्या आधी तिला सेफ मोडमध्ये उठायला सांगून ठेवायचं. सेफ मोडमध्ये एकदा उठली की पुढे सुरळीत उठते.

खटपट्या (सोमवार, सकाळी ७:२०)

झालं! रात्री साडेबाराला डेस्कटॉप दिसला. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं, परवान्याबद्दल एक शब्द विचारला नाही. विंडोजचं ॲक्टिव्हेशनही जागेवर. सी वाढवून घेतला. शून्यएक, तुमचे उपकार कसे फेडू.

फक्त एक विचित्र गोष्ट. मराठी फाइलींत मध्येमध्ये अक्षरंच नाहीत. 'क्ष', 'त्र', काही जोडाक्षरं यांच्या जागी नुसती मोकळी जागा. इंग्रजी व्यवस्थित. आणि ठळक केलेलं मराठीही व्यवस्थित! साधं मराठीच बिघडलंय.

बारकाईने (सोमवार, सकाळी ७:४५)

तुमचा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा. 'मराठीत लिहिलेली फाइल उघडली की हा आवाज हमखास येतो. योगायोग असावा.'

विंडोजचा देवनागरी फॉन्ट निर्मला यूआय. साध्या आणि ठळक अक्षरांच्या फाइली वेगवेगळ्या असतात. ते न आलेले ४०९६ बाइट साध्या फॉन्टच्या पोटातले आहेत. डिस्क इतके दिवस तीच जागा वाचायला धडपडत होती, आवाज त्याचाच.

फिरतीचाक (सोमवार, सकाळी ८:०२)

अरे काय माणूस आहे हा!

खटपट्या (सोमवार, सकाळी ८:४०)

अंगावर काटा आला. विंडोजच्या फाइली तपासणारं एसएफसी स्कॅननाऊ चालवलं. म्हणतं, खराब फाइल सापडली पण दुरुस्त करता आली नाही. विंडोज स्वतःकडे जादा प्रत ठेवते ना?

शून्यएक (सोमवार, सकाळी ९:१५)

ठेवते म्हणतात, पण ती खरी दुसरी प्रत नसते. विनएसएक्सएस फोल्डरमधली फाइल आणि फॉन्ट फोल्डरमधली फाइल हे एकाच जागेवरच्या डेटाचे दोन पत्ते आहेत, हार्ड लिंक. दोन दारं, घर एकच. जागा वाचते खरी, पण तो सेक्टर गेला की दोन्ही 'प्रती' एकदम जातात. एसएफसी आतल्या प्रतीवरून दुरुस्ती करायला गेलं आणि तिथेही तीच शून्यं सापडली.

डिझम ही विंडोजचीच दुरुस्तीची कमांड चालवा, 'रिस्टोअरहेल्थ' लावून, इंटरनेट चालू ठेवून. ते चांगली फाइल बाहेरून आणतं. मग एसएफसी पुन्हा.

कोरीपाटी (सोमवार, सकाळी ९:३३)

नव्याने टाकली असती तर हे काहीच झालं नसतं, एवढंच म्हणतो आणि जातो.

निळी_शाई (सोमवार, सकाळी ९:३६)

जा. :)

खटपट्या (सोमवार, रात्री १०:१०)

डिझम ६२ टक्क्यांवर बराच वेळ अडलं, पण संपलं. एसएफसी म्हणालं दुरुस्त केली. रीस्टार्ट केलं आणि 'क्षत्रिय' टंकून बघितलं. सगळं जागच्या जागी.

जुनी डिस्क अजून पुसलेली नाही, 'पुसू नका, महिनाभर जपा' असं तुमच्यापैकी कुणी म्हणण्याआधीच सांगतो. वर 'खराब, सीमध्ये' अशी चिठ्ठी चिकटवून खणात ठेवली आहे.

आता एकच अडचण उरली. इतकी वर्षं घरघर ऐकली की लॅपटॉप चालू झाला असं समजायचो. आज आवाजच आला नाही म्हणून मी पुन्हा बटण दाबलं आणि उठलेला लॅपटॉप दोनदा बंद केला.